माशांच्या दुकानातली ब्राह्मी

ड्रायव्हिंगच्या परीक्षेत मी तीनदा नापास झाले. हे वाक्य आज मी छाती पुढे काढून सांगते. चार माणसं जमली की कोणी विचारलं नाही तरी सांगते. पण ऐंशीच्या दशकात, डेट्रॉइटजवळ ट्रॉयला आमचं बिऱ्हाड होतं तेव्हा, हे वाक्य आमच्या घरात फक्त कुजबुजत बोललं जायचं. सगळा गाव मोटारींवर जगणारा. एका बाजूचा शेजारी गाड्यांची दारं बनवणाऱ्या कंपनीत, दुसऱ्या बाजूचा सीट बनवणाऱ्या कंपनीत, आणि माझा नवरा ब्रेकच्या कंपनीत इंजिनियर. अशा गावात गाडी न येणारी बाई म्हणजे गवयाच्या घरातली बेसूर सून.

यातला डाव्या बाजूचा शेजारी कोण आणि उजव्या बाजूचा कोण, ते मात्र मला विचारू नका. सगळा घोळ तिथंच आहे.

मला डावं-उजवं कळत नाही. लहानपणी आईनं शिकवलं होतं, ज्या हातानं जेवतेस तो उजवा. मी इतकी आज्ञाधारक, की तेव्हापासून कोणी ‘उजवा’ म्हटलं की माझी पाच बोटं आपोआप एकत्र येतात, वरणभाताचा एक अदृश्य घास उचलतात आणि तोंडापर्यंत जातात. तिथं खात्री पटली की मग मी त्या बाजूला वळते. सायकलवरून कॉलेजला जात होते तोवर कोणाच्या लक्षात आलं नाही. पाहणाऱ्याला वाटायचं, पोरगी घाईत काहीतरी खात चाललीय.

अमेरिकेत परीक्षा घेणारा माणूस शेजारच्या सीटवर बसतो. आमचा परीक्षक उंच, सुकलेला, आखूड टायचा, मांडीवर कागद अडकवलेली पाटी. तो म्हणाला, “टर्न राइट.” मी स्टिअरिंगवरचा हात काढला, घास घेतला, वळले. पुन्हा “राइट.” पुन्हा घास. चौथ्या घासाला त्यानं पेन खाली ठेवलं आणि अतिशय सौजन्यानं विचारलं, “मॅडम, तुम्हाला भूक लागलीय का?”

नापास. कारण: हात चाकावर नसणे.

दुसऱ्या वेळी मी शपथच घेतली की हात हलवायचा नाही. हलवला नाही. सातपैकी चार वळणं चुकीच्या बाजूला घेतली आणि एकदा तर त्याला एका चर्चच्या आवारात नेऊन सोडलं. आणि तिसऱ्या वेळी आमच्या मिशिगननं माझा घात केला. मिशिगनच्या मोठ्या रस्त्यांची एक जगावेगळी रीत आहे. गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागून डावीकडे जायचं असेल, तर आधी उजवीकडे वळायचं, थोडं पुढे जायचं, मधल्या गवताच्या पट्ट्यात ठेवलेल्या खाचेतून उलटं फिरायचं आणि मग परत यायचं. ज्या बाईला मुळात उजवं सापडत नाही, तिला डावीकडे जाण्यासाठी आधी उजवीकडे जायला सांगणं ही माणुसकी नव्हे. त्या दिवशी सिक्स्टीन माइल रोडवर किती गाड्यांनी भोंगे वाजवले, ते त्या परीक्षकालाच ठाऊक. मी डोळे मिटले होते.

घरी मी खरं कारण सांगितलं नाही. एम.एस्सी. केमिस्ट्री, फर्स्ट क्लास, आणि स्वतःचा उजवा हात सापडत नाही, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? “नर्व्हस झाले,” एवढंच म्हणाले. इंग्रजीत सांगितलं की कुठलंही कारण जरा भारदस्त वाटतं.

एरवी मी परीक्षेचा नाद सोडूनही दिला असता. पण त्या वसंतात मला नोकरी मिळाली होती. गाड्यांच्या रंगाची तपासणी करणारी एक छोटी लॅब. रंग उन्हात किती दिवसांनी विटतो, हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठानं किती सोलवटतो, हे बघायचं. घरात बसून चार वर्षं झाली होती. पोळ्यांचा रंग तपासून तपासून मी कंटाळले होते. लॅबची प्रमुख, एक पांढऱ्या केसांची बाई, माझ्याशी हस्तांदोलन करून म्हणाली, “सप्टेंबरात, लेबर डेच्या सुट्टीनंतरच्या मंगळवारपासून ये. येशील कशी?” आमच्या भागात बस नावालाही नव्हती. नवऱ्याचं ऑफिस बरोबर उलट्या दिशेला. मी मान ताठ करून म्हणाले, “ड्राइव्ह करत!” असं म्हणाले, की जणू येताना रथच आणणार होते.

म्हणजे हातात एक उन्हाळा होता आणि एक परीक्षा. ऑगस्टच्या शेवटच्या गुरुवारची तारीख मिळाली. तीही गेली तर पुढची तारीख मंगळवारच्या पलीकडे, आणि नोकरी दुसऱ्या कोणाची.

अशात मे महिन्याच्या शेवटी सासूबाई आल्या. पहिल्यांदाच अमेरिकेत. गुहागरच्या बाजूच्या एका खेड्यात जन्म घालवलेल्या, बारीक चणीच्या, कडक शाकाहारी, आणि बोलायला लागल्या की समोरच्याला श्वास घ्यायला जागा न ठेवणाऱ्या. मी त्यांना आई म्हणायची, आणि नवऱ्याला एरवी ‘अरे’ म्हणणारी मी त्यांच्यासमोर ‘अहो’ म्हणायची. नवरा त्या सहा महिन्यांत दोन इंच उंच झाला होता.

“नर्व्हस म्हणजे काय रे?” त्यांनी पहिल्याच दिवशी मुलाला विचारलं.

“म्हणजे डोकं गरम होतं, आई. पाठ केलेलं ऐन वेळी आठवत नाही.”

“एवढंच ना! मग हिला ब्राह्मी पाहिजे. थंड असते. डोकं निवतं आणि आठवण राहते. तू सातवीत दोनदा बसलास तेव्हा तुला काय पाजलं होतं?”

“दोनदा?” मी वळून बघितलं. नवरा वर्तमानपत्राच्या आड गेला.

पण ट्रॉयला ब्राह्मी आणायची कुठून? आमच्या त्या वेळच्या एकमेव इंडियन ग्रोसरीत ब्राह्मीच्या तेलाची बाटली होती. सासूबाईंनी बूच उघडून वास घेतला आणि बाटली परत ठेवली. “यात ब्राह्मीचं चित्र आहे, तेवढंच,” त्या म्हणाल्या.

ती सापडली ते असं. एका शनिवारी नवरा गाडीचे टायर बदलून घेत होता. पाऊस आला म्हणून आम्ही दोघी शेजारच्या दुकानात शिरलो. दुकान शोभेच्या माशांचं. आत अंधूक निळा उजेड, भिंतीभर काचेच्या पेट्या, आणि एक धिप्पाड माणूस कोपरापर्यंत ओले हात घेऊन उभा. मासे दचकू नयेत म्हणून तो कायम हलक्या आवाजात बोलायचा. सासूबाईंनी नाकाला पदर लावला. आयुष्यभर मासळीवाल्यांच्या शेजारी राहून त्यांनी माशाकडे कधी नजर वर करून पाहिलं नव्हतं, आणि इथं मासे चारी बाजूंनी त्यांच्याकडे बघत होते.

आणि एकदम त्या ओरडल्या, “अगं ए! इकडे ये आधी! ही बघ, ही इथं बसलीय!”

जत्रेत हरवलेली बहीण सापडावी तसा आवाज. दुकानातले सगळे मासे पेटीच्या दुसऱ्या टोकाला गेले. मी धावले. एका पेटीच्या तळाशी, खड्यांत रोवलेली, जाडसर छोट्या पानांची हिरवी झुडपं उभी होती. एकेक पान बाळाच्या औषधाच्या चमच्याएवढं.

“ब्राह्मी! आमच्या देवळामागच्या तळ्याच्या काठाला असते ना, तीच. इथं हिला कोणी आणली?”

दुकानदार हळू आवाजात म्हणाला, “चांगली निवड आहे. तुमच्याकडे कुठले मासे आहेत?”

आता इथं खरं सांगायला काय हरकत होती? पण मला वाटलं, झाड खायला नेतोय म्हटलं तर हा विकणारच नाही. मी म्हणाले, “गोल्डफिश.”

“किती?”

“काय विचारतोय?” सासूबाई.

“आपल्याकडे मासे किती आहेत म्हणतोय.”

जन्मात खोटं न बोललेल्या त्या माउलीनं डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं, “चार सांग. फार कमी नको.”

घरी येताना गाडीत मी हळूच विषय काढला. “आई, त्यात मासे होते.”

एक मैल त्यांनी जाऊ दिला. मग म्हणाल्या, “नदीत मासे नसतात? ते पाणी आपण देवाला घालतोच ना?” आणखी एक मैल गेला. “तरी पण ही पानं खायची नाहीत. कांड्या लावायच्या. नवा फुटवा येईल तो आपला. त्यानं मासा बघितलेला नसेल.”

“म्हणजे तो इथं जन्मलेला. अमेरिकन सिटिझन,” नवरा म्हणाला.

मला केमिस्ट म्हणून वेगळीच धास्ती होती. दुकानातल्या पाण्यात माशांची काय काय औषधं असतील कोण जाणे. त्यांना माशांची भीती, मला औषधांची. निर्णय मात्र दोघींचा एकच झाला. लहान मुलांना डुंबायला मिळतो तसला एक निळा प्लास्टिकचा हौद आणून मागच्या अंगणात ठेवला. माती घातली, पाणी घातलं. पाणी ओतता ओतता सासूबाई थबकल्या. हौदाच्या तळाशी रंगीत मासे छापलेले होते. “इथंही!” त्या म्हणाल्या, आणि त्यांच्यावर मातीचा आणखी एक जाड थर चढवला.

तीन आठवड्यांत कोवळे शेंडे वर आले आणि माझा छळ सुरू झाला. रोज सकाळी मूठभर पाला वाटून त्याचा रस. मी मध मागितला. “कडू आहे ते कडूच घ्यायचं,” हे उत्तर. कारल्याचा कडूपणा जिभेवर येतो, थोडा दंगा करतो आणि जातो. ब्राह्मीचा कडूपणा येतो, खुर्ची ओढून बसतो आणि तुमच्याकडे बघत राहतो. दुपारच्या चहापर्यंत मला सगळं जग हिरवं लागायचं. समोर सासूबाई उभ्या असायच्या, आणि तोंड वाकडं केलं की म्हणायच्या, “चेहरा सरळ कर. औषधाला राग येतो.”

रोज मूठभर म्हणजे हौदातला फुटवा पुरेना. त्यामुळे दर शनिवारी बारा मैलांवरच्या त्या दुकानात जाऊन नव्या जुड्या आणायच्या आणि लावायच्या, हा नेम झाला. सासूबाईंच्या हुकुमानं गाडी मी चालवायची. शेजारी नवरा, मागे त्या. नवरा ब्रेकचा इंजिनियर असल्यामुळे त्याच्या पायाखाली ब्रेक नसूनही तो बारा मैल ब्रेक दाबायचा. रस्ता तो आपल्या पद्धतीनं सांगायचा: “त्या पेट्रोल पंपाकडे घे. आता डोनटच्या दुकानाकडे.” डावं-उजवं कधी निघालंच नाही. त्यामुळे मी झकास चालवायची, आणि सासूबाई मागून म्हणायच्या, “बघ, उतरतोय गुण!” मी खरं काही सांगितलं नाही. इतकं छान चाललेलं नाटक मध्येच कोण थांबवणार?

दुकानात दुसरंच नाटक रंगत होतं. दुकानदाराला आमच्या माशांची फार काळजी लागली. चार गोल्डफिश आठवड्याला सहा जुड्या फस्त करतात, हे त्याच्या बुद्धीला पटेना. “किती खातात हे!” तो म्हणायचा.

“आमच्याकडे सगळ्यांनाच आवडते,” मी.

त्यानं आम्हाला पाणी तपासायच्या पट्ट्या फुकट दिल्या. माशांच्या आहारावर एक पुस्तिका दिली. जुलैच्या शेवटी तर म्हणाला, “उद्या रविवार आहे. मी स्वतः येऊन तुमची टाकी बघून जातो.” घाईघाईत जे सुचलं ते बोलले, “नको, नको! घरात दुःख आहे. चौघांतला एक वारला.”

त्या भल्या माणसानं डोक्यावरची टोपी काढली आणि छातीशी धरून उभा राहिला.

“काय झालं गं?” सासूबाई कुजबुजल्या.

“आपला एक मासा गेला.”

“अरेरे! कधी?” त्या म्हणाल्या. खरंच हळहळून म्हणाल्या! नवरा तोंड दाबत बाहेर पळाला.

ऑगस्ट उजाडला. सासूबाईंच्या ब्राह्मीची कीर्ती आमच्या महाराष्ट्र मंडळात पसरली. पुण्याच्या, नागपूरच्या, मुंबईच्या बायका आपापल्या पोरांच्या परीक्षांसाठी कांड्या मागायला लागल्या. पोरं “मॉम, दिस इज ग्रॉस” म्हणत अंगणातून पळायची. माझ्या परीक्षेच्या आदल्या रविवारी मंडळाची पार्कमध्ये पिकनिक होती, तिथं सासूबाई एका डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळून शेंडे वाटायला घेऊन आल्या. तिथंच पुण्याहून मुलाकडे आलेले एक निवृत्त प्रोफेसर होते. वनस्पतिशास्त्राचे. त्यांनी एक शेंडा उचलला, चष्मा कपाळावर चढवला, पान नाकाशी नेलं.

“वहिनी, ही ब्राह्मी नव्हे.”

“म्हणजे?”

“ब्राह्मी गोल पानाची असते. बेडकाच्या पावलासारखं पान. आमच्याकडे कोणालाही विचारा.”

“आमच्याकडे हिलाच म्हणतात.”

“कोकणात काय हो, काहीही म्हणतात,” प्रोफेसर हसून म्हणाले आणि शेंडा डब्यात परत टाकला.

कोणाच्या तरी दाताखाली चकली मोडली तेवढाच आवाज. मी सासूबाईंकडे बघत होते. आता या माणसाचं काही खरं नाही, असं मला वाटलं. पण त्यांनी फक्त डब्याचं झाकण लावलं. ज्या बायकांनी कांड्या घेतल्या होत्या, त्यांतल्या दोघींनी त्या गुपचूप टेबलावर ठेवून दिल्या. तेही त्यांनी पाहिलं.

सोमवारी सकाळी मला रस मिळाला नाही. मंगळवारीही नाही. “काय आहे कोण जाणे,” त्या म्हणाल्या. “तुला काही झालं तर दोष कोणाला?” मी गेले दोन महिने ज्या क्षणाची वाट बघत होते तो आला होता, आणि मला मुळीच आनंद झाला नाही. त्या मुकाट भाजी निवडायच्या. हौदाकडे फिरकतही नव्हत्या.

बुधवारी दुपारी त्या मागच्या पायरीवर बसल्या होत्या. मी शेजारी जाऊन बसले. परीक्षा दुसऱ्या दिवशी होती, आणि मला ठाऊक होतं की मी चौथ्यांदा नापास होणार आहे. त्याचा ठपका त्या बिचाऱ्या पाल्यावर आणि यांच्यावर येणार, हे मात्र मला बघवेना.

“आई, ही ब्राह्मी असो नाहीतर गवत असो. माझं डोकं गरम होतच नाही. मला डावं-उजवं कळत नाही.”

“म्हणजे?”

“मला उजवा हात दाखव म्हणा.”

“उजवा हात दाखव.”

पाच बोटं एकत्र आली, घास उचलला गेला, तोंडाशी गेला. “हा,” मी म्हणाले. “परीक्षेत पण असंच होतं. हात सुटतो चाकावरचा.”

सासूबाई क्षणभर माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. तोंडात पदराचा बोळा कोंबून त्या इतक्या हसल्या, की डोळ्यांतून पाणी आलं. “अगं बये! मग दोन महिने तो कडू रस प्यायलीस कशाला?”

“तुम्ही समोर उभ्या राहायच्या ना.”

“आणि बोलली नाहीस!”

“लाज वाटत होती.”

“माझ्या लेकानं सातवी दोनदा केली, तुला कसली लाज?” डोळे पुसता पुसता त्या थांबल्या. त्यांच्या डोक्यात काहीतरी शिजताना मला दिसत होतं. “गाडी चालवताना दोन्ही हात गुंतलेले. बरं. तोंडात काय असतं?”

“काही नाही. तोंड रिकामं.”

त्या उठल्या, हौदाशी गेल्या, दोन पानांचा एक शेंडा खुडला, नळाखाली धुतला, आणि लहान मुलाला भरवावं तसा माझा जबडा धरून एका गालात बोटानं सारला. “चाव थोडं. हा उजवा गाल. कडू लागतंय?”

“लागतंय!”

“फक्त तिकडेच?”

“हो, तिकडेच जास्त!”

“मग हातानं कशाला घास घेतेस? घास आतच ठेव. कडू ती उजवी.”

लगेच अंगणात कवायत सुरू झाली. त्या पायरीवर उभ्या, मी गवतावर, हातात स्टिअरिंग म्हणून पोळ्यांची परात. “उजवी!” कडू. वळले. “डावी!” कडू नाही ती. वळले. “डावी, डावी, उजवी!” पलीकडे सीटवाला शेजारी गवत कापत होता. त्यानं यंत्र बंद केलं आणि बराच वेळ दोन्ही हात कमरेवर ठेवून, डोक्याइतक्या उंचीवर परात धरून गोल गोल फिरणाऱ्या बाईकडे बघत राहिला. मी त्याला अदबीनं मान लववली. तो माझ्या डाव्या बाजूला होता. आयुष्यात पहिल्यांदा मला ते ठाऊक होतं.

गुरुवारी तोच परीक्षक. मला बघून त्यानं एक लांब उसासा सोडला. “दोन्ही हात चाकावर, प्लीज.”

“येस, सर,” मी एका गालातून म्हणाले.

“टर्न राइट.” कडू. वळले. “लेफ्ट.” कडू नाही. वळले. तो हळूहळू सैल होऊ लागला. पाटी छातीशी घट्ट धरलेली होती ती मांडीवर आली. मग आला सिक्स्टीन माइल रोड. “इथून आपल्याला डावीकडे जायचंय,” तो म्हणाला, आणि मी बघितलं, त्यानं दरवाज्याची मूठ पकडली. डावीकडे, म्हणजे आधी उजवीकडे. मी पान चावलं. चांगलं कचकन चावलं. कडू बाजूला वळले, गवतातल्या खाचेपाशी आले, उलटी फिरले, परत आले. एकही भोंगा नाही! मला टाळ्या ऐकू आल्या; अर्थात त्या माझ्याच मनात होत्या, पण पूर्ण थिएटरच्या होत्या.

शेवटी फुटपाथच्या कडेला दोन खांबांच्या मधे गाडी लावून झाली. परीक्षक लिहिता लिहिता थांबला आणि माझ्या फुगलेल्या गालाकडे बघायला लागला. “मॅडम, तंबाखू?”

“नो, सर. सॅलड.”

“एकाच बाजूला?”

“ओन्ली राइट,” मी म्हणाले, आणि हसले. माझे दात हिरवेगार झालेत हे मला नंतर आरशात कळलं. त्यानं सही केली.

बाहेर बाकावर दोघं बसले होते. मी कागद हवेत फडकवत नाचतच गेले. नवरा उठून उभा राहिला. सासूबाई तशाच बसून राहिल्या. “गिळलीस की नाही?” एवढंच त्यांनी विचारलं. मी त्यांच्यासमोर गिळलं. चेहरा सरळ ठेवून.

शनिवारी आम्ही दोघीच माशांच्या दुकानात गेलो. मी चालवत, त्या पुढच्या सीटवर, मांडीवर पर्स, नाक वर. नवऱ्याला घरी ठेवलं होतं. दुकानदारानं हळू आवाजात विचारलं, “उरलेले तिघं कसे आहेत?” आता मला राहवेना. मी सगळं सांगितलं. त्याला ते कळेना, म्हणून सासूबाईंनी डब्यातून आणलेला हौदातला शेंडा त्याच्यादेखत तोंडात घातला आणि चावून दाखवला. मग एक त्याच्यापुढे धरला. त्यानं खाल्ला. आणि मासे दचकू नयेत म्हणून जन्मभर कुजबुजणारा तो माणूस असा ओरडला, की सगळ्या पेट्यांत एकदम खळबळ झाली. तीन पेले पाणी प्यायल्यावर तो म्हणाला, “म्हणजे मासे नव्हतेच?”

“नव्हते.”

“मी टोपी काढली होती,” तो दुखावून म्हणाला. मग मात्र तोही हसायला लागला. काउंटरखालून त्यानं पाणवनस्पतींचं एक जाडजूड पुस्तक काढलं आणि त्यात त्या झाडाचं लॅटिन नाव दाखवलं: बकोपा मॉनिएरी. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, भारतात हिला ब्राह्मी म्हणतात. सासूबाईंनी ते माझ्याकडून कागदावर उतरवून घेतलं आणि कागद पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला.

तो कागद बाहेर निघाला मंडळाच्या गणपतीला, आरतीनंतर. प्रोफेसरांनी वाचलं, घसा साफ केला. “हो, हिलाही काही ठिकाणी ब्राह्मी म्हणतात खरं.”

“काही ठिकाणी म्हणजे आमच्याकडे,” सासूबाई म्हणाल्या. “तुमची ती गोल पानाची असेलही खरी. पण ती कुठल्या गालात ठेवतात, ते सांगा.” प्रोफेसर गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. माझ्या तोंडात मोदक होता, त्यामुळे मला काही बोलता आलं नाही.

पण तो मंगळवार राहिला की. लेबर डेनंतरचा. सकाळी सासूबाईंनी शेंडा धुऊन, पुसून, कुंकवाच्या रिकाम्या डबीत घालून माझ्या हातात दिला. मी एकटी गाडीत बसले, गालात पान सारलं आणि निघाले. लॅबच्या दारात पांढऱ्या केसांची बाई उभी होती. “आलीस ड्राइव्ह करत?” तिनं विचारलं. मी ओठ घट्ट मिटून मान डोलावली, कारण दात हिरवे होते. तिला मी फार गंभीर वाटले. पुढे अनेक वर्षं तिचा तोच समज होता.

नोव्हेंबरात सासूबाई परत गेल्या. त्याआधी त्यांनी ब्राह्मी हौदातून बादलीत काढून बेसमेंटमध्ये ट्यूबलाइटखाली ठेवली आणि मुलाला ती जगवायची जबाबदारी दिली. दोन हिवाळे तिनं काढले. तोवर मला पानाची गरज उरली नव्हती.

आता माझ्या गाडीत एक यंत्र आहे. त्यातली बाई फार गोड आवाजात सांगते, “टर्न राइट.” तोंडात काही नसतं. तरी माझा उजवा गाल कडू होतो, आणि मी वळते.